पल्याडचं तिकीट

माझ्या नवऱ्याने तोवर बेटाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तरी स्वस्तात परदेशी कसं जावं हे विचारायला अख्खं कांप दे मास्क गाव आमच्याच व्हरांड्यात येऊन बसायचं. देवराज पोस्टात कारकून होता. इंडियाहून, लंडनहून, नाहीतर शेजारच्या रेयुनियों बेटाहून परतलेला माणूस पोस्टात आला, की हा खिडकीतूनच त्याची उलटतपासणी घ्यायचा. तिकीट कुठं काढलं, उतरलात कुठं, फसलात कुठं. मग तेच शहाणपण संध्याकाळी चहाबरोबर वाटायचा. शहाणपण त्याचं आणि चहा माझा.

“डिसेंबरात जायचं नाय,” तो सांगायचा. “तवा लंडनवाले घरी येतात, आव्यों भरलेलं असतंय. फेब्रुआरीत जावा. सिक्लोनच्या भीतीनं तूरिस येत नाय, अर्धं आव्यों रिकामं, भाव पडलेला.”

आव्यों म्हणजे विमान, सिक्लोन म्हणजे वादळ. आमच्याकडे विमानाला कुणी विमान म्हणत नाही. मग पुढचं पुराण सुरू व्हायचं. पहिल्या एजंटाकडे नुसता भाव विचारावा आणि तिकीट दुसरीकडे काढावं. एकट्यादुकट्याने न जाता मराठी मंडळातल्या लोकांबरोबर गट करावा, गटाला सूट असते. मुंबईत हॉटेलाच्या नादी न लागता धर्मशाळेत उतरावं, आणि ओळखीच्यांसाठी साबण-अत्तर न्यावं म्हणजे जेवणाची सोय आपोआप होते. बॅगेचं वजन भरलं तर उरलेलं अंगावर नेसावं. एका बाईला त्याने खरोखरच एकावर एक लुगडी नेसून पाठवलं होतं. ती बिचारी मुंबईत उकडून निघाली म्हणे, पण वजनाचे पैसे वाचले.

“अहो, साऱ्या गावाला धाडलंत, तुम्ही कधी जाणार?” मी विचारायचे.

“आयेला घेऊन जाईन,” तो म्हणायचा. “पल्याडला.”

पल्याड म्हणजे सासरचे पूर्वज जिथून या बेटावर ऊसमजुरीला आले ते इंडियातलं मूळ गाव, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. लहानपणी देवराजने आईला विचारलं होतं, आपण कुठनं आलो? ती म्हणाली, पल्याडनं. तेवढ्यावर त्याने गाव पक्कं केलं. आमच्या लग्नातल्या गोंधळात गोंधळ्याने रीतीप्रमाणे गावोगावच्या देवींना बोलावणं धाडलं आणि घराण्याचं गाव विचारलं, तेव्हा हा छाती फुगवून म्हणाला, “पल्याड!” गोंधळ्याने पल्याडच्या आईलाही हाक मारली. त्यासरशी सासूबाई पदर तोंडात कोंबून अशा रडल्या, की संबळ थांबवावा लागला. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला मुलूख आठवला. म्हातारीचा जन्म इथलाच, तो मुलूख तिने कधी पाहिलाच नव्हता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सासूबाईंचं नाव चंपा. सासरे तुलसीराम मी यायच्या आधीच गेले होते. सासूबाई तशा गरीब स्वभावाच्या होत्या, पण त्यांच्या दोन गोष्टींनी माझं डोकं उठायचं. एक म्हणजे आमचा पाटा. त्याला वरवंटाच नव्हता. आमच्याकडे पाट्याला रोश कारी म्हणतात आणि वरवंट्याला त्याचा बाबा. क्रिओलात बाबा म्हणजे बाळ. सगळ्या घरांतून रोश कारी असते आणि तिच्याजवळ तिचा बाबा असतो, फक्त आमच्या घरची रोश कारी वांझ. सासूबाई नदीतल्या एका गोट्याने मसाला वाटायच्या. मी कितीदा म्हटलं, फ्लाकच्या बाजारातून नवा बाबा आणू. त्या म्हणायच्या, “नको. हाय आपला.” कुठं आहे विचारलं की पुन्हा मसाला वाटू लागायच्या.

दुसरी गोष्ट सांगताना मला आजही बरं वाटत नाही. रोज दिवेलागणीला त्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. दारापुढे आमची भाजीचे वाफे, मग ऊस, उसाच्या टोकाला नदी आणि नदीपलीकडे पुन्हा ऊस. तिकडे तोंड करून त्या जरा वेळ कान द्यायच्या आणि मग हलकेच म्हणायच्या, “व्हय गं. येते गं.” समोर कुणीही नसायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी समई तिथेच ठेवून आत पळाले. देवराजला सांगितलं तर म्हणाला, म्हातारं माणूस आहे, बोलतंय. मग मी त्या वेळी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा लावू लागले.

एकोणऐंशी सालच्या नोव्हेंबरात सासूबाईंची छाती भरली. डॉक्टरने देवराजला बाजूला घेतलं. म्हणाला, हृदय थकलंय, काही इच्छा असेल तर उशीर करू नका. घरी आल्यावर सासूबाईंनीच लेकाचा हात धरला. “देवा, मला पल्याड ने रे. डोळं मिटायच्या आदी एकदा ने. तुझ्या बापानं न्हाय नेलं.”

“नेतो आये,” देवराज म्हणाला. “शपथ.” मी त्याला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं शहाणपण घरच्या कामाला लागलं. फेब्रुवारी ठरली. गट ठरला. पोर्ट लुईला जयदेव नावाचा एजंट होता, देवराजच्या सल्ल्याने गेलेली निम्मी माणसं त्याचीच गिऱ्हाइकं, म्हणून त्याने भाव आणखी उतरवला. एकच अट होती. या तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. देवराजने तीन तिकिटं काढली. घरी येऊन त्याने आईला सगळं समजावून सांगितलं, आधी पल्याड, मग बॉम्बेला चार दिवस मजा. सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “आन् ल्हान लेकराचं तिकीट किती?”

आमच्या घरात लहान लेकरू नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, फ्लाकपासून क्युरपिपपर्यंत डॉक्टर झाले होते, वैद्य झाले होते, नवस झाले होते. मला तो सरळ टोमणा वाटला. पण देवराज भोळा, हसून म्हणाला, “दोन वर्षांच्या आतलं असंल तर जवळजवळ फुकट, आये. त्याला जागा नाय देत. मांडीवर घ्यायचं.”

“मांडीवर,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की माझा संताप अनावर झाला. मी भांडं आपटलं आणि म्हटलं, “मला टोचायचं असेल तर सरळ टोचा, आई. तिकिटाच्या आडून कशाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही कळलंच नव्हतं. तेव्हा मला तेही ढोंग वाटलं. मी मागच्या दाराने बाहेर पडले, वाफ्यांमधून चालत उसापर्यंत गेले आणि तिथे उभी राहून रडले. दिवेलागणीच झाली होती. रडता रडता मी थांबले, कारण रडणं थांबलं नव्हतं. उसाच्या आत, लांब, नदीच्या बाजूला कुणीतरी रडत होतं. बारीक, धाप लागल्यासारखं, तान्हं मूल भुकेने रडतं तसं. मी धावत घरात आले. देवराज म्हणाला, मांजर असेल. मांजर कसं रडतं ते मला ठाऊक आहे. मी त्या रात्री जेवले नाही, सासूबाईंशी बोलले नाही, आणि त्यानंतर दिवेलागणीला मागचं दार मी स्वतः कडी घालून लावू लागले. सासूबाई बंद दारापाशी उभ्या राहून बोलायच्या.

जानेवारीत जयदेवचा निरोप आला. मुंबईहून पुढचं आगगाडीचं तिकीटही काढून ठेवतो, पल्याडला जवळचं स्टेशन कुठलं? देवराजला ठाऊक नव्हतं. जयदेवने नकाशा काढला, स्टेशनांची जाड पुस्तकं काढली, पल्याड सापडेना. देवराज म्हणे रत्नागिरीकडे असेल, आमची बोली तिकडची आहे असं कुणी म्हणत होतं. शेवटी मीच म्हटलं, सें पिएरला, माझ्या माहेराजवळ, इंडियाहून आलेल्या मराठीच्या बाई संध्याकाळचा वर्ग घेतात, त्यांना विचारू.

बाई साताऱ्याकडच्या होत्या. ही जी मी आता लिहिते आहे ती पुस्तकी मराठी मी पुढे त्यांच्याकडेच शिकले. तेव्हा मला त्यांचं बोलणं अर्धंच कळत होतं. त्यांनी आमची हकिगत ऐकली, पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि विचारलं, “पल्याड म्हणजे कशाच्या पल्याड? नदीच्या की डोंगराच्या?”

“पल्याड गाव, बाई,” देवराज म्हणाला.

“अहो, गाव कसं असेल? पल्याड म्हणजे पलीकडे. ही बाजू अल्याड, ती बाजू पल्याड. आमच्याकडे अजून म्हणतात.”

आम्हाला त्या अर्थाला ‘लोत कोते’ म्हणायची सवय. रस्त्याच्या लोत कोते, नदीच्या लोत कोते. जुना शब्द आमच्या पिढीच्या तोंडून कधीच गेला होता, फक्त सासूबाईंपाशी उरला होता, आणि आम्ही त्याला गाव करून बसलो होतो. मला हसू फुटलं. साऱ्या गावाला रस्ता दाखवणारा माझा नवरा पलीकडे नावाच्या गावाला स्टेशन शोधत होता! मी पोटभर हसले, आणि मग देवराजचा चेहरा पाहिला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसला. घराजवळच्या थांब्यावर उतरल्यावर म्हणाला, “ल्हान होतो तवा नदीवर कपडे धुताना ती मला मधी जाऊ द्यायची नाय. म्हणायची, पल्याड जाऊ नको, बाप मारंल. आन् स्वतः तिकडं बघत बसायची.” एवढं बोलून तो झपाझपा चालू लागला.

सासूबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. देवराज त्यांच्या पायाशी बसला. “आये, पल्याड कुठं?”

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “लारिव्हिएरच्या पल्याड. जुन्या कांपात. दुसरं कुठं?” लारिव्हिएर म्हणजे आमच्या उसाच्या टोकाची नदी.

“तिथं काय हाय?”

“बसंती हाय की.”

मग त्यांनी सांगितलं, साध्या आवाजात, जणू आम्हाला ठाऊकच असावं. उसाच्या इस्टेटीवरच्या मजुरांचा कांप, म्हणजे वस्ती, तेव्हा नदीपलीकडे होता. तापाची साथ आली. त्यांची पहिली मुलगी, बसंती, रांगायला लागली होती, ती गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून शेताच्या कडेला पुरलं. पुढे इस्टेटीने कांप मोडला, माणसं अल्याड आणली, तिकडे सगळा ऊस लावला. सासऱ्यांनी ताकीद दिली, मागे वळून बघायचं नाही, नाव काढायचं नाही, पुढचं मूल जगायला हवं असेल तर नदी ओलांडायची नाही. पुढचं मूल म्हणजे देवराज. तो जगला, आणि त्याच्या जगण्यासाठी त्या आयुष्यभर अल्याड थांबल्या. सासरे गेले तोवर गुडघे गेले होते.

“रोज हाका मारतीया,” त्या म्हणाल्या. “तू म्हणालास आदी पल्याड, मग बॉम्बे. मला वाटलं, आपण तिला घेऊन जायचं. म्हणून तिकीट विचारलं.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला न्हाय गं टोचलं, सुनबाय.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि ते थोपटणं मोठ्या माणसाला थोपटतात तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. आमच्याकडे पावसाळा जानेवारीतच, नदी फुगलेली होती, दगड शेवाळलेले. डॉक्टरने पाहिलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. देवराजने आईला पाठंगुळी घेतलं आणि पाण्यात उतरला. पाणी त्याच्या कमरेला लागलं, मध्ये एकदा तो डगमगला आणि मी किंचाळले. पाठीवरून सासूबाई ओरडल्या, “आले गं, आले!” त्या आवाजात कसलं आजारपण नव्हतं.

पलीकडे ऊस पुरुषभर उंच. मधोमध काळ्या दगडांचे ढीग, शेतं साफ करताना मजुरांनी रचलेले, सगळे सारखे. देवराज बावचळून उभा राहिला. सासूबाई त्याच्या पाठीवरून उतरल्या आणि चालू लागल्या. घरात भिंत धरून चालणारी बाई पात्यांनी हात कापून घेत, न थांबता चालली होती. एका ढिगाच्या मागच्या अंगाला त्या खाली बसल्या आणि दगडांच्या फटीत हात घातला. बाहेर काढला तो आमच्या घरचा वरवंटा होता. मधे बारीक, वापरून गुळगुळीत झालेला. खूण म्हणून आणि सोबत म्हणून त्यांनी तो तिथे ठेवला होता. एक बाबा दुसऱ्याला.

बारशाला आम्ही वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतो, बाळाच्या आधी. ते मला तेव्हा आठवलं. सासूबाईंनी त्याच्यावरची माती पुसली, पदरात गुंडाळला आणि छातीशी धरला. “चल, माय,” त्या म्हणाल्या. “लई उशीर झाला.” उसात कुठेच काही वाजत नव्हतं. त्या संध्याकाळी मी मागचं दार उघडं ठेवलं. सासूबाई तिकडे गेल्याच नाहीत.

तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हतेच. देवराज म्हणाला, आता आईला त्रास नको, जाऊ देत. सासूबाईच पदरातल्या वरवंट्याकडे बघत म्हणाल्या, “जाऊ की. हिनं काय बघितलंय?” माझ्या माहेरच्या लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील, ही चिंता मला एरवी पडली असती. मी ट्रंकेतलं एक जुनं दुपटं काढलं. चार वर्षांपूर्वी हौसेने शिवून ठेवलं होतं, कुणाला दाखवलं नव्हतं. ते मी सासूबाईंना दिलं.

प्लेझांसच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने ते गाठोडं उघडायला लावलं. दुपट्यातला काळा दगड बघून त्याने भुवया उडवल्या. “सा की एते? काय हे?”

वजनासाठी आईला दोन लुगडी नेसवून आणलेला माझा नवरा त्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “बाबा.”

तो माणूस हसला. त्याच्याही घरी रोश कारी असणार. पण सासूबाईंकडे बघितल्यावर त्याचं हसू ओसरलं. दुपटं त्याने स्वतःच पुन्हा गुंडाळलं, कडा आत दुमडल्या आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिलं.

विमानात अर्ध्या जागा रिकाम्या होत्या, देवराज म्हणत आला होता तसंच. तो पलीकडच्या रांगेत बसून पट्टा कसा लावायचा ते शेजारच्याला शिकवत होता, स्वतःचा न लावता. सासूबाई खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी. बाहेर उसाचे मळे आणि काळे ढीग दिसत होते, विमान अजून जमिनीवरच होतं. सासूबाई दमल्या होत्या. त्यांचे डोळे मिटू लागले.

“सुनबाय,” त्या म्हणाल्या, “जरा धर गं हिला. हात भरून आलं.”

मी हात पुढे केले. मनात म्हटलं, दगड तो दगड, धरू थोडा वेळ, म्हातारीला झोप लागू दे. त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटता मिटता म्हणाल्या, “मान सांभाळ.”

दगड गार असतो. दुपट्याच्या आतून मांडीला ऊब लागत होती. मी वाकून बघितलं नाही, देवराजला हाक मारली नाही. मला भीती वाटत होती, आणि ती संपू नये असंही वाटत होतं. विमान धावू लागलं, तशी माझ्या कुशीत बारीक हालचाल झाली आणि माझा हात, कुणी न शिकवता, आपोआप खाली गेला.

मी मान सांभाळली.